तारीख ठरलेली, वाट मोकळी : घाटावरच्या एका गेमचं प्रकरण

बेळगावातले तिघं जण मिळून मराठीत एक आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम (एका पात्राची भूमिका घेऊन खेळायची व्हिडिओ गेम), तयार करताहेत. प्रोग्रामिंग करणारा मुलगा इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागलाय. कथा आणि संवाद त्याची मामेबहीण लिहिते. चित्रं काढणारा मित्र खानापूर तालुक्यातला. नोकरी-कॉलेज सांभाळून रात्री आणि रविवारी चालणारं हे काम एका वादापाशी येऊन अडलं. भावाचं म्हणणं, खेळणाऱ्याला रान मोकळं द्या, त्याला वाटेल तिथं जाऊ दे, वाटेल ते करू दे. बहिणीचं म्हणणं, गोष्ट सांगायची असेल तर प्रसंग एकामागून एक आलेच पाहिजेत, खेळणाऱ्याला मोकाट सोडलं की गोष्ट मरते.

आरपीजी खेळणाऱ्यांमध्ये हा वाद फार जुना आहे. इथं मात्र तो नुसत्या बोलण्यावर राहिला नाही. दोघांनी आपापल्या मताप्रमाणे गेमचा एकेक नमुना बनवला, घरातल्या आणि गल्लीतल्या माणसांना खेळायला दिला, आणि दोन्ही नमुने वेगवेगळ्या जागी फसले. दोघांच्याही घरी माझं येणंजाणं आहे, आरपीजी मी पुष्कळ खेळलोय, म्हणून दोन्ही नमुने माझ्यापुढे आले. तिघांना विचारून, नावं वगळून, हे सगळं मांडतोय.

गोष्ट कुठली

काळ ऑगस्ट १९५५ चा. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. राज्य पुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेलं. गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि बेळगाव हे गोवा मुक्तिलढ्याचं मोठं ठाणं होतं. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले सत्याग्रही ठिकठिकाणांहून गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी नि:शस्त्र माणसांवर गोळ्या चालवल्या, वीसहून अधिक जणांचा जीव गेला. गोवा मुक्त झाला तो त्यानंतर सहा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ ला.

गेममधली नायिका कणकुंबीच्या बाजूची सोळा-सतरा वर्षांची मुलगी. ती घाट उतरून खाली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात निरोप पोचवते. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचं उगमस्थान. तिथला ऑगस्ट ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको: दिवसचे दिवस न थांबणारा पाऊस, पायाला चिकटणाऱ्या जळवा, हाताच्या अंतरावरचंही दिसू न देणारं धुकं, आणि अस्वल कुठल्या वळणावर समोर येईल याचा नेम नाही. चित्रकार मित्राचं आजोळ याच भागातलं. इरलं घेतलेली मुलगी त्यानं इतक्या थोड्या ठिपक्यांत उभी केलीय की बघत राहावं. मराठीत गेम करायची तर अशा गोष्टीची करावी असं मला अगदी मनापासून वाटतं. इतिहास आपल्या पायाखाली आहे, तो सांगायला कुठल्या परक्या ड्रॅगनची गरज नाही.

दोन नमुने

भावाचा नमुना मोठा होता. जांबोटीपासून घाटाखालपर्यंतचं रान त्यानं एकाच मॅपवर पसरवलं. कुठंही जा, कंदमुळं गोळा करा, गवळ्यांची गुरं शोधून द्या, मासे धरा. निरोपाचं पत्र सुरुवातीलाच हातात मिळतं, ते कधी पोचवायचं हे तुमच्यावर. त्याचे आदर्श दोन: २०११ चा 'स्कायरिम' आणि २०१७ चा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. दुसऱ्या गेममध्ये सुरुवातीचं पठार सोडलं की खेळणारा सरळ शेवटच्या शत्रूपर्यंत जाऊ शकतो, मधलं सगळं त्याच्या मर्जीवर. भावाला हे फार भावलेलं. "समोर दिसतो तो डोंगर चढता आला पाहिजे," हे त्याचं पालुपद.

हा नमुना शेजारच्या एका कॉलेजच्या मुलानं खेळला. तो रमला, खरंच रमला. रानात भटकला, मासे धरले, गुरं परत आणली, गवळ्याकडून घोंगडं मिळवलं. गेममधले कितीतरी महिने असे गेल्यावर कधीतरी त्याला पत्राची आठवण झाली. घाट उतरून त्यानं ते दिलं, तर घेणारी बाई म्हणाली, "बरं झालं, वेळेवर आलीस."

एवढ्या एका वाक्यानं सगळं ढासळलं. १५ ऑगस्टच्या आधी पोचायला हवं म्हणून जिवावर उदार होऊन न्यायचं पत्र, आणि ते दिवाळीनंतर मिळालं तरी वेळेवर! खेळणारा मुलगा हसला आणि त्यानंतर त्यानं एकही संवाद वाचला नाही, भराभर बटण दाबत पुढे गेला. गोष्टीवरचा त्याचा विश्वास उडाला होता. रान आवडलं का, विचारलं तर म्हणाला, फार आवडलं. मुलीचं पुढं काय झालं असेल, विचारलं तर त्याला सांगता आलं नाही.

हा दोष भावाचा एकट्याचा नाही, त्याच्या आदर्शांमधूनच आला होता. 'स्कायरिम'मध्ये अल्डुइन नावाचा ड्रॅगन जग गिळायला निघालेला असतो, पण तुम्ही गुहा धुंडाळत, घर बांधत कितीही काळ काढलात तरी तो तुमची वाट बघत थांबतो. करणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केलंय. मुदत घातली की खेळणाऱ्याच्या मागे टोचणी लागते आणि भटकण्याची मजा जाते. १९९७ च्या 'फॉलआउट'मध्ये वस्तीचं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप शोधून आणायला १५० दिवस दिले होते. अनेकांना ती घाई आवडली नाही, आणि पुढे येणारी दुसरी एक मुदत तर नंतरच्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीत, चांगलीच सैल करावी लागली. पण 'फॉलआउट' खेळलेल्यांना विचारा, त्या दीडशे दिवसांनी तहान कशी खरी वाटायला लावली ते. कुठल्या गेमला मुदत शोभते आणि कुठल्या नाही, हे गोष्टच ठरवते. इथं गोष्टीच्या मुळाशीच एक तारीख होती आणि गेममध्ये नेमकी तीच नव्हती.

बहिणीचा नमुना याच्या उलट टोकाचा. सहा प्रकरणं, प्रत्येकात एक वाट, एक चढ, एक भेट. तिला 'फायनल फँटसी टेन' (२००१) जीव की प्राण. त्यात युना नावाची मुलगी यात्रेला निघते, मंदिरामागून मंदिर घेत झानारकंदपर्यंत जाते, आणि बराच मोठा भाग वाट एकच असते. तक्रार कुणी फारशी करत नाही, कारण ती यात्रा आहे. पंढरीची वाट धरलेल्याला कुणी विचारत नाही की दुसरीकडून का नाही गेलास. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी'चाही (२०२०) तिनं दाखला दिला. तो आरपीजी नव्हे, पण छोट्या चमूनं रस्ता एकच ठेवला आणि सगळी ताकद देखाव्यांत आणि दुर्गा-विष्णूंच्या तोंडून येणाऱ्या कथनात ओतली. हा मुद्दा वजनदार आहे. तीन माणसांच्या हातून किती होणार याचा हिशोब तिनं भावापेक्षा आधी केला होता.

तिचा नमुना शहापुरातल्या आत्यांनी खेळला. त्यांनी आयुष्यात कधी गेम खेळलेली नव्हती. एका बैठकीत संपवली, शेवटी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "छान आहे गं. पण त्या गवळ्याच्या घरात मला जाताच आलं नाही. दार दिसत होतं की."

बहिणीनं समजावलं की आत्या, त्या घराचं गोष्टीत काही काम नाही. आत्यांचं उत्तर मी जसंच्या तसं लिहितो: "पाऊस एवढा पडतोय, पोरगी भिजलीय, आणि समोर ओळखीच्या माणसाचं दार आहे. मी असते तर आधी तिथंच गेले असते."

फसलं कुठं

पुढचे कित्येक दिवस घरात चर्चा एकाच पट्टीवर मोजून चालली होती: एका टोकाला बंदिस्त, दुसऱ्या टोकाला मोकळं, मग मधला बिंदू कुठला? निम्मं रान उघडावं, निम्मं बंद ठेवावं, अशी तडजोडही निघाली. मला ती पट्टीच खोटी वाटत होती आणि मी ते स्पष्ट सांगितलं. आत्यांना रान मोकळं नकोच होतं. आपण वागलो असतो तसं मुलीला वागता यावं, एवढंच त्यांचं मागणं. आणि कॉलेजच्या मुलाला सगळं करता येत होतं, पण त्यानं काय केलं याची तिथं कुणी दखलच घेत नव्हतं. दोघांनाही एकच गोष्ट मिळाली नाही: आपल्या वागण्याचा दुसऱ्या माणसावर झालेला परिणाम.

'अंडरटेल' (२०१५) बघा. जवळजवळ एकहाती बनलेली गेम, चित्रांसाठी तेवढी मदत घेतलेली. मॅप म्हणाल तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी सरळ वाट. पण सुरुवातीला तुम्हाला आईसारखं सांभाळणाऱ्या टोरिएलला तुम्ही मारलंत, वाईट वाटून जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला खेळ, उघडलात आणि दुसऱ्या खेपेला तिला वाचवलंत, तर फ्लाउई नावाचं फूल तुम्हाला तोंडावर सांगतं की तू आधी काय केलंस ते मला ठाऊक आहे. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत सरळ बसलो. डोंगर नाही, रान नाही, तरी कुठल्याही मोठ्या मॅपपेक्षा तिथं आपल्या वागण्याला जास्त किंमत आहे. याच्या दुसऱ्या टोकाला १९९६ चा 'डॅगरफॉल'. हजारो गावं, संगणकानं सूत्रावर पाडलेली, आणि गावागणिक तीच तीच उत्तरं देणारी माणसं. तिथं कुठंही जा, पोचल्यासारखं वाटत नाही.

मोठा मॅप आणि पक्की आठवण दोन्ही एकत्र असतात असंही आहे. 'द विचर ३' (२०१५) मध्ये टेकडीखाली अडकलेल्या एका आत्म्याला सोडायचं की मारायचं हे आपण ठरवतो. सोडलं तर अनाथ मुलं वाचतात, पण एक गाव उद्ध्वस्त होतं आणि ब्लडी बॅरन नावाच्या सरदाराच्या कुटुंबाचा अंत भीषण होतो. मारलं तर मुलं जातात आणि बॅरनचं नशीब वेगळं वळण घेतं. त्यातलं बरंचसं कळतं ते पुढे, जुना सेव्ह उघडायची वेळ गेल्यावर. पण असली गेम उभी करायला शेकडो माणसं आणि कितीतरी वर्षं लागतात. आपल्याकडे तिघं जण आणि रविवार.

बहिणीच्या बाजूनंही एक इशारा होता. 'फायनल फँटसी थर्टीन' (जपानात २००९) 'टेन'इतकीच, किंबहुना जास्त सरळ. पहिली दहा प्रकरणं जवळजवळ बोळातून चालत जायचं, अकराव्यात कुठं ग्रान पल्सचं मैदान उघडतं. तिच्यावर मात्र टीकेचा भडिमार झाला. वाट दोन्हीकडे एकच. मग फरक कशानं पडला? माझ्या मते माणसांनी. 'टेन'मध्ये गावं आहेत, थांबून बोलता येतं, यात्रेकडे लोक कसे बघतात हे कळतं. 'थर्टीन'मध्ये माणसं भेटतात, पण तुमच्यापाशी त्यांचं काही काम नसतं.

गणित

मग आठवण ठेवणारं जग बांधायचं कसं? भावानं उत्साहात सहा पात्रं निवडली: बेळगावातला कार्यकर्ता, जांबोटीचा चहावाला, गवळी, जंगल खात्याचा गार्ड, मुलीची थोरली काकू आणि घाटाखालची बाई. प्रत्येकाचा मुलीवर विश्वास बसला की नाही, एवढीच नोंद ठेवायची. प्रोग्रामिंगमध्ये याला फ्लॅग म्हणतात: हो किंवा नाही. सहा फ्लॅग म्हणजे दोनाचा सहावा घात, ६४ शक्यता. दहा केले तर १०२४. चौसष्ट शेवट कोण लिहिणार, असं म्हणत बहिणीनं वही मिटली.

वाट पुन्हा 'फॉलआउट'नंच दाखवली. त्याचा शेवट म्हणजे एकेका वस्तीचं एकेक चित्र आणि त्यासोबतचं निवेदन. तुम्ही त्या वस्तीत काय केलंत त्यावर त्या वस्तीचा तुकडा बदलतो, बाकीचे आपल्या जागी. तसं केलं तर सहा माणसांचे प्रत्येकी दोन किंवा तीन परिच्छेद, म्हणजे पंधराच्या आसपास तुकडे लिहायचे. जुळणी गेम करते. खेळणाऱ्याला मात्र शेवट आपलाच वाटतो, कारण तो खरोखरच त्याच्या वागण्यातून आलेला असतो. संवादांसाठी त्यांनी 'इंक' ही मोफत लेखनभाषा घेतली. 'एटी डेज' बनवणाऱ्या इंकल या कंपनीची. तिची ठेवणच अशी की संवादाला फाटा फुटतो आणि चार ओळींनी परत मूळ धारेला मिळतो. मधल्या काळात काय झालं ते लक्षात राहतं. फाटे फुटतच गेले तर लेखिकेचा जीव जातो, परत मिळाले तर वाचतो.

तारीख मात्र पक्की. गेम १ ऑगस्टला सुरू होते आणि १५ ला संपते, काहीही करा. दिवसाचे दोन भाग; एका गावाहून दुसऱ्या गावी जायला एक भाग जातो. गावं सात. सगळ्यांना सगळा वेळ देणं जमणारच नाही, गवळ्याच्या गोठ्यात रात्र काढली तर गार्डची गस्त चुकणार. क्रम खेळणाऱ्याचा, कॅलेंडर इतिहासाचं. भावाचं मोठं रान गेलं याचं त्याला वाईट वाटलं आणि मी त्याची समजूत काढली नाही, कारण ते रान खरंच सुंदर होतं. त्यातला घाटाचा उतार तेवढा आहे तसा ठेवलाय.

गवळ्याचं दार आता उघडतं. आत काय घडतं त्यावर बहिणीनं सगळ्यात जास्त मेहनत घेतली. पहिल्यांदा गेलात तर शेकोटी, गरम दूध, आणि "कुठं निघालीस गं एवढ्या पावसात?" खरं सांगा, खोटं सांगा, गप्प बसा. खोटं सांगितलंत तर गवळी काही बोलत नाही, पण चार दिवसांनी घाटात गस्त बदलल्याची बातमी त्याच्याकडे असते आणि ती तो सांगत नाही. का सांगत नाही हे गेम समजावत बसत नाही. हे वाचल्यावर मला वाटलं, आता ही आरपीजी झाली.

भाषेचं बळ

सगळ्यात अस्सल कल्पना चित्रकार मित्राची. आरपीजीत पात्राला ताकद, चपळाई, बुद्धी असे आकडे असतात. 'फॉलआउट'मध्ये बुद्धीचा आकडा अगदी कमी ठेवला तर पात्राला धड बोलताच येत नाही, समोरची माणसंही तसंच वागवतात. मित्र म्हणाला, आपल्या मुलीला तलवार चालवायची नाही. तिचे आकडे भाषांचे ठेवू. घरी मराठी, बाजारात कन्नड, घाट उतरला की कोकणी.

खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आपण एका वाक्यात दोन भाषा बोलतो आणि ते जाणवतही नाही. गेममध्ये गार्ड विचारतो, "ऊट आयता?", म्हणजे जेवण झालं का. मुलीला कन्नड येत नसेल तर ती नुसती मान हलवते आणि गार्ड पुढे जातो. येत असेल तर जेवणावरून बोलणं घरावर जातं, घरावरून त्याच्या आजारी मुलावर, आणि तो कुठल्या रात्री चौकीवर नसतो हे बोलता बोलता कळतं. कन्नड शिकायची तर आधीचे काही दिवस जांबोटीच्या चहावाल्याकडे घालवावे लागतात. म्हणजे तेवढे दिवस दुसरीकडे कमी. लढाईविना आरपीजी होते का, असं विचारणाऱ्यांना २०१९ चा 'डिस्को एलिझियम' दाखवावा: नेहमीची लढाई नाही, सगळा खेळ बोलण्याचा, आणि तोही शहराच्या एका लहानशा भागात.

तांत्रिक बाजू थोडक्यात. गेम 'गोडो' या मोफत इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, आहे. मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आणि कन्नड जोडाक्षरं नीट उमटतात; त्याआधीच्या आवृत्तीत ती तुटायची. भारतीय भाषेत गेम करू पाहणाऱ्यानं जुनं इंजिन घेऊ नये.

अजून न सुटलेलं

एक प्रश्न शेवटपर्यंत राहिला. मुलीनं जायचंच नाही असं ठरवलं तर? काकू तिला सुरुवातीपासून अडवत असते आणि काकूचं म्हणणं चुकीचं नाही. भावाचं मत होतं, पत्र पोचलं नाही की गेम ओव्हर, पुन्हा खेळा. बहीण पहिल्यांदाच मोकळेपणाच्या बाजूनं बोलली: "दादा, घरी राहणारी माणसंपण त्या वर्षी होतीच की." दोन आठवडे हे चाललं. ठरलं ते बहिणीच्या बाजूनं. मुलगी घरी राहिली तरी १५ ऑगस्ट उजाडतो, गोळीबार होतो, आणि बातमी कणकुंबीला पोचते. ती कुणाच्या तोंडून येते, कुठल्या भाषेत येते, कुणाचं नाव घेऊन येते, हे मुलीनं त्या पंधरा दिवसांत कुणाशी संबंध जोडले त्यावर. हा पूर्ण शेवट धरायचा, हार नव्हे. भावाला हे अजून निम्मंच पटलंय, तरी कोड त्यानं लिहून दिलाय.

बातमीचे मराठी आणि कन्नड तुकडे झालेत. घाटाखालच्या बाईचा तुकडा सत्तरीच्या कोकणीत हवा. तो बहिणीनं कच्चा लिहिलाय, पण त्या बाजूच्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय तो गेममध्ये घालणार नाही म्हणते. तोवर पुढचा नमुना कुणाला खेळायला द्यायचा नाही, असं तिघांचं ठरलंय. आत्यांनी मात्र आपला नंबर लावून ठेवलाय.